ताप उतरला त्या दिवशी

खेमसिंगच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. भांडण मुळीच नव्हतं, उलट सुनेचं त्याला फार कौतुक होतं. पण तांड्याची जुनी रीत अशी की सुनेनं सासऱ्यासमोर घुंगट ओढायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. बाकीच्या घरांत ही रीत आता पातळ झाली होती. पोरी शिकून आल्या, हाताहातांत मोबाईल आले, सासरेही मवाळ झाले. खेमसिंग मात्र तांड्यातला जाणता माणूस. कोणाच्याही घरी भोग असला की देवापुढची विनंती त्याच्याच तोंडून व्हायची. त्याच्या घरी रीत पाळली जायची. त्यानं तसं कधी सांगितलं नव्हतं. न सांगता पाळली जाते, याचाच तर त्याला अभिमान होता.

मग घर चालायचं कसं? सासू हंसाबाई असली की तिच्या तोंडून, नवरा राजकुमार असला की त्याच्या तोंडून, आणि दोघंही नसले की खुशीच्या तोंडून. खुशी चार वर्षांची. आईला ती याडी म्हणायची आणि आजोबाला दादा. घरात बोली गोरबोलीच, पण आपण ती वऱ्हाडीतच ऐकू.

"खुशी, दादाले सांग, जेवाले या म्हणून," उज्ज्वला चुलीपासून म्हणायची. खेमसिंग हाताच्या अंतरावर बसलेला. त्याला सगळं ऐकू यायचं. तरी तो ढिम्म बसून राहायचा. खुशी तुरुतुरु जायची, त्याच्या मांडीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "दादा, याडी म्हंते जेवाले ये."

"तुह्या याडीले म्हणा, आलोच."

"याडी, दादा आलाच."

या खेळात खुशीला भारी मजा यायची. मध्येच ती आपल्या पदरचं काहीतरी घालायची. "याडी म्हंते मले गोळी आणून दे." आई घुंगटाआड हसायची, आजा मिशीत हसायचा, आणि संध्याकाळी गोळी यायची. पडद्यातून चाललेल्या त्या घरात बोलण्याची वाण कधी पडली नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी पऱ्हाटी एकदम फुटली. शेत पांढरंशुभ्र झालं आणि नेमकं पैनगंगेकडून आभाळ भरून यायला लागलं. फुटलेल्या कापसावर पाऊस पडला की सरकी काळी पडते, कापूस पिवळा होतो, व्यापारी बोटानं चिमटून तोंड वाकडं करतो. वेचायला माणूस मिळेना. ज्याच्या त्याच्या शेतात तीच घाई. हंसाबाई लेकीच्या बाळंतपणाला दारव्ह्याकडे गेलेली. राजकुमार मुकुटबनच्या बाजूला टिप्पर चालवायचा, तो रविवारी येणार. घरात सासरा, सून आणि खुशी.

आणि खुशीला ताप आला.

दुपारी ती शेळ्यांच्या खुंट्यापाशी मातीतच निजली होती. खेमसिंगनं उचललं तर मान त्याच्या खांद्यावर पडली. त्यानं कपाळावर तळवा ठेवला, पण त्या तळव्याला काही कळेना. कुऱ्हाड, रुमणं आणि वखराच्या दोऱ्या ओढून त्याची कातडी इतकी राठ झाली होती की चुलीतला निखारा तो बोटानं सारखा करायचा. मग त्यानं आपला गाल तिच्या कपाळाला लावला. गाल भाजला.

"भलता ताप हाय पोट्टीले," तो उंबऱ्याकडे तोंड करून, कोणालाच न सांगितल्यासारखं म्हणाला. उज्ज्वला आतून धावत आली.

शेजारच्या बायांनी गोधडी आणली, स्वेटर चढवला, कानाला फडकं बांधलं. "घाम फुटला का उतरते," त्या म्हणाल्या. घाम फुटला नाही. खुशी डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणून रडत राहिली. दुसऱ्या दिवशीही अंग तसंच तापलेलं पाहून खेमसिंगनं मोटारसायकल काढली. सासरा आणि सून यांच्यामध्ये खुशीला भिंतीसारखं बसवून तिघं पांढरकवड्याला लहान लेकरांच्या दवाखान्यात आली.

इथं खेमसिंगनं आपल्या परीनं मोठा समजूतदारपणा केला. आपण आत गेलो तर सुनेला डॉक्टरीणबाईपाशी तोंड उघडता येणार नाही, म्हणून तो बाहेरच थांबला. दारासमोर कडुलिंब होता, त्याच्या बुंध्याला पाठ लावून उभा राहिला. त्या उभं राहण्याचा पुढं त्याला किती पस्तावा होणार होता, ते त्या कडुलिंबालाही ठाऊक नव्हतं.

आत गुंजन मॅडम होत्या. वय लहान, आवाज मऊ, पण कामाला चटपटीत. त्यांनी आधी गोधडी काढली, मग स्वेटर काढला.

"एवढं गुंडाळलं कशाला हिला? अंगातली उष्णता बाहेर जायला नको का?"

त्यांनी खुशीचं वजन घेतलं, घसा पाहिला, कान पाहिले, फ्रॉक वर करून छाती किती भराभर हलते ते घड्याळाकडे बघत मोजलं, पोट दाबलं. मग तिच्या बोटाचं नख दाबून सोडलं आणि पांढऱ्या झालेल्या नखावर गुलाबी रंग परत येताना पाहिला. रंग झटकन आला. रक्त काढताना खुशीनं आईचा पदर दातात धरला.

"ताई, ताप म्हणजे आजार नव्हे," रक्ताचा रिपोर्ट आल्यावर मॅडम म्हणाल्या. "आत काहीतरी शिरलंय, अंग त्याच्याशी भांडतंय, म्हणून तापतंय. ताप किती चढला यापेक्षा लेकरू कसं आहे ते बघायचं. पाणी पितं का, लघवीला जातं का, तुमच्याकडे बघून हसतं का. हिला डेंग्यू आहे. डासाचा ताप. तापाचं हे एकच औषध, हिच्या वजनाप्रमाणं इतकंच. दुसरं कोणाचं काही द्यायचं नाही, इंजेक्शन तर नाहीच. पाणी, ताक, पेज, जे घेईल ते थोडं थोडं पाजत राहायचं."

"हो."

"आता मुख्य ऐका. ताप आहे तोवर मला हिची फार काळजी नाही. या दुखण्यात ताप उतरतो तेव्हा खरा धोका सुरू होतो. तेव्हा रक्तातलं पाणी नसांमधून बाहेर झिरपू शकतं, आणि वरून लेकरू नुसतं गार लागतं. म्हणून ज्या दिवशी ताप उतरेल, त्याच दिवशी हिला इथं आणायचं. खेळत असली तरी आणायचं. पोट दुखलं, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर एक क्षण थांबायचं नाही. सोबत कोण आहे?"

"सासरे हायेत. बाहेर."

"बोलवा त्यांना. त्यांनाही सांगते."

उज्ज्वलानं मान खाली घातली. "त्याइच्यासमोर मले बोलता नाही येत मॅडम. मी सांगतो घरी."

दारात आणखी लेकरं रडत होती, एक बाई तर ओलं फडकं हातात घेऊन आतच आली होती. मॅडमनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "बरं. पण नक्की सांगा."

घरी जाताना खेमसिंगनं गाडीवरूनच विचारलं, "काहून खुशी, काय म्हणे डाक्टरीणबाई?"

उज्ज्वलानं खुशीच्या कानाशी सगळं सांगितलं. पण एवढं मोठं बोलणं चार वर्षांच्या तोंडात मावेना. तापलेल्या ओठांनी खुशी म्हणाली, "पाणी पे म्हणे. अन् स्वेटर नको घालू म्हणे."

खेमसिंगला इतकं हसू आलं की गाडीचं हँडल डुललं. मागे उज्ज्वला हसली नाही. संध्याकाळी तिनं राजकुमारला फोनवर सगळं नीट सांगितलं. "तू बाबाले कायले सांगतं," तो म्हणाला, "मी रविवारी येऊनच राह्यलो. मीच घेऊन जातो तिले." तिला हायसं वाटलं. ताप रविवारची वाट पाहील असं दोघांनाही वाटलं, त्याला काय म्हणावं.

शुक्रवारी सकाळी खेमसिंगनं गाल लावला तर खुशीचं कपाळ गार. त्यानं दुसरा गाल लावून पाहिला. तरीही गार.

"गेला," तो अंगणात येऊन म्हणाला. "दुखनं हत्तीच्या पायानं येते अन् मुंगीच्या पायानं जाते म्हंतेत. हे त हत्तीच्याच पायानं गेलं."

त्याचं बोलणं आनंदाचं होतं. त्यानं चुलीतले निखारे पाटीवर काढायला सांगितले, तूप-गूळ मागितला. लेकराचा ताप उतरला की त्याच्या घरी लापशीचा भोग द्यायची चाल होती. निखाऱ्यावर तूप घालायचं, देवाला हात जोडायचे आणि लेकराच्या तोंडात पहिला घास द्यायचा. राजकुमार लहान असताना दिला होता, लेकीला दिला होता. त्याच वेळी कोपऱ्यावर मजुरांची गाडी वाजली. मोठ्या मिनतवारीनं मारेगावकडून बाया मिळाल्या होत्या, तेही त्या एका दिवसापुरत्या. आभाळ खाली आलं होतं.

उज्ज्वला लापशी ढवळत होती, पण तिचं लक्ष खुशीकडे होतं. खुशी भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती, मागत नव्हती, शेळीचं पिल्लू जवळ आलं तरी हात लावत नव्हती.

"खुशी," उज्ज्वला म्हणाली, "दादाले सांग, आज दवाखान्यात जायाचं हाय."

खुशी बसल्या जागेवरूनच पुटपुटली, "दादा, दवाखाना."

"आता कायले वो दवाखाना? तुहा ताप त पळाला."

उज्ज्वलानं ढवळणं थांबवलं. घुंगटाआडून, नेहमीपेक्षा मोठ्यानं, पण खुशीकडेच तोंड करून ती म्हणाली, "डाक्टरीणबाईनं सांगतलं म्हणा, ताप उतरला का त्याच दिवशी आणजा."

या वेळी खुशीनं निरोप नेला नाही. डोळे मिटून ती तशीच बसून राहिली. निरोप मात्र पोचला होता. खेमसिंगनं तो शब्द न् शब्द ऐकला.

पण पडद्याआडचं बोलणं ऐकलं तरी कानावर घ्यायचं नसतं, अशी त्या घराची सवय. लेकराच्या तोंडून आलेल्या बोलण्याला लेकराएवढंच वजन. त्याला हो म्हणता येतं, हसता येतं, गोळी देऊन गप्पही करता येतं. त्याच्यावर समोरासमोर वाद घालता येत नाही. खेमसिंग खुशीला उचलत म्हणाला, "चांगल्या लेकराले कोणी दवाखान्यात नेते काय, पागल? ताप होता तवा नेलं. डाक्टरचं काय, त्याचं दुकानच हाय ते. याडीले म्हणा, लापशी आण."

उज्ज्वलाच्या तोंडाशी पुढचं वाक्य आलं होतं. हात पुढं करून घुंगट मागं सारायचा आणि म्हणायचं, की ऐका, मॅडमनी सांगितलेलं पुरतं ऐका. सात वर्षांत तिनं त्या माणसाला चेहरा दाखवला नव्हता. बाहेर मजूर बाया उभ्या होत्या, गाडीवाला हॉर्न वाजवत होता. ती लापशीचं भांडं घेऊन उठली.

भोग झाला. निखाऱ्यावर तूप चुरचुरलं, खेमसिंगनं हात जोडून तांड्यातल्या सगळ्या लेकराबाळांना, गाईगुरांना सुखी ठेव म्हणून विनंती केली. पहिला घास खुशीच्या तोंडात दिला. तिनं तो गालात तसाच धरून ठेवला.

शेतात धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुलिंबाखाली लुगडं अंथरून त्यानं खुशीला निजवलं आणि स्वतः तिच्या उशाशी बसला. नातीला राखायचं आणि मजुरांवर लक्ष ठेवायचं, दोन्ही तिथूनच होत होतं. बाया ओळीनं पऱ्हाटीच्या तासांत शिरल्या. कमरेला ओटी बांधून, दोन्ही हातांनी बोंडं ओरपत, वाकून पुढं सरकत होत्या. वाळलेल्या बोंडांची टोकं नखाच्या कडेत शिरत होती. उज्ज्वलाचे हात सवयीनं चालत होते आणि मान वळून वळून झाडाकडे जात होती.

खुशीनं लापशी ओकली. थोड्या वेळानं पाणी ओकलं. पोट धरून कण्हली आणि मग झोपली.

"गोड जड झालं तिले," खेमसिंग मोठ्यानं म्हणाला, सुनेला ऐकू जावं म्हणून. त्यानं गाल लावला. थंडगार. "बरी हाय. अंग कसं थंडं पडलं. तापानं झोपली नव्हती, झोपू द्या."

त्याला खरंच तसं वाटत होतं. याहून त्याच्या बाजूनं बोलायला काही नाही, आणि हेही कमी नाही. सगळ्या आयुष्यात तो तापाला भ्यायला शिकला होता. गारव्याला भ्यायचं त्याला कोणी शिकवलं नव्हतं. ज्या एका बाईनं शिकवलं असतं, तिच्या दारासमोर तो रीत सांभाळत उभा राहिला होता.

ओटी भरली तशी उज्ज्वला ढिगापाशी रिकामी करायला आली. कापूस ओतला आणि खुशीचे तळपाय हातात घेतले. विहिरीतून काढलेल्या भांड्यासारखे गार, आणि ओलसर. तिनं फ्रॉक चाचपला. सकाळपासून खुशी लघवीला गेली नव्हती. मॅडमनी केलं तसं तिनं नख दाबलं आणि सोडलं. पांढरं झालेलं नख पांढरंच राहिलं, मग कुठं हळूहळू रंग आला.

"खुशी," ती कानाशी म्हणाली. "खुशी, दादाले सांग वो. दवाखान्यात चाल म्हणून सांग."

खुशीनं डोळे उघडले, आईकडे पाहिलं, पण ओळखल्यासारखं पाहिलं नाही. परत मिटले.

सासरा दोन हातांवर बसलेला, आभाळाकडे बघत. सांगायला कोणी नव्हतं. उज्ज्वला तिथं उभी राहिली. पुढं कितीतरी दिवस ती त्या उभं राहण्याचाच हिशेब करायची, आणि तो कधी जुळला नाही. मग ती वळून पऱ्हाटीत धावली. काट्याकुट्यातून, झाडं मोडत, पहिल्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या मजूर बाईपाशी गेली आणि तिचा हात धरला.

ती बाई कमरेला ओटी तशीच ठेवून झाडाखाली आली. "दाजी, तुमची सून म्हंते पोरीचे पाय थंडे पडले. आताच दवाखान्यात न्या म्हंते."

"ताप गेला त पाय थंडेच राहतीन न बाई," खेमसिंग म्हणाला, पण म्हणता म्हणता त्यानं खाली पाहिलं. खुशीचे ओठ करडे पडले होते. त्यानं गाल लावला. तिच्या कपाळाचा गार घाम त्याच्या गालाला चिकटला. हा गारवा बरा होणाऱ्या लेकराचा नव्हता. मेलेलं वासरू त्यानं हातानं उचललेलं होतं, त्याला तो स्पर्श ठाऊक होता.

मोटारसायकलवर खुशी या वेळी बसली नाही. आईच्या मांडीवर आडवी राहिली. सासरा आणि सून यांच्यामध्ये काही उरलं नाही.

गुंजन मॅडमनी मनगटावर बोटं ठेवली आणि तिथं नाडी लागेना. त्यांनी एका हाताला सुई लावली, मग दुसऱ्या हाताला. सलाईनची बाटली हातानं दाबून दाबून आत सोडली. कोणाला तरी फोन केला, रुग्णवाहिका बोलावली. यवतमाळच्या वाटेवर थोडा वेळ खुशी रडली आणि खेमसिंगला वाटलं की जगली. त्यानंतर ती रडली नाही. यवतमाळला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

नंतर कागदावर मॅडमची सही घ्यायला म्हणून खेमसिंगला पांढरकवड्याला जावं लागलं. मॅडमनी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.

"मी सांगितलं होतं हो बाबा, ताप उतरला की आणा म्हणून," त्या म्हणाल्या. रागानं नाही.

"हो."

"त्या दिवशी तुम्हाला आत बोलवायला हवं होतं मी. बाहेर येऊन सांगायला हवं होतं. गर्दी होती म्हणून राहिलं. सकाळी आली असती तर बहुतेक वाचली असती."

खेमसिंगनं टोपी हातात घेऊन घट्ट पिळली. कोणी शिवी दिली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

तांड्याबाहेर मोहाच्या झाडाखाली खुशीला मूठमाती दिली होती. त्या आठवड्यात आरोग्यवाले आले. घरोघरचे पाण्याचे ड्रम पाहू लागले. नळ कधीतरीच यायचा, पाणी साठवल्याशिवाय चालत नसे. जाणत्या माणसाच्या अंगणातल्या ड्रममध्येच आळ्या वळवळत होत्या. सगळ्या तांड्यादेखत ड्रम उलथला गेला आणि ते पाणी खेमसिंगच्या पायावरून वाहत गेलं. तो पाय न हलवता उभा राहिला. कापूस तेवढा वाचला होता. पाऊस आलाच नाही. आभाळ आलं तसं तेलंगणाकडे निघून गेलं.

हंसाबाई परत आली आणि निरोपांचं काम पुन्हा तिच्याकडे आलं. पण निरोपच राहिले नव्हते. जेवण वाढलं जायचं, खाल्लं जायचं. राजकुमार बापाला एका शब्दानं बोलला नाही, फक्त दर रविवारी यायचा तो आता महिन्यानं यायला लागला. उज्ज्वला घुंगट घ्यायची, आता पहिल्यापेक्षा लांब. कधी सवयीनं चुलीपासून तिच्या तोंडातून "खुशी, दादाले" एवढं निघायचं आणि तिथंच राहायचं. उंबऱ्याबाहेर खेमसिंग ते ऐकायचा आणि उठून गोठ्याकडे जायचा. लोक त्याला भोगाला बोलवायचे, तो कंबर दुखते म्हणायचा.

पुढच्या वर्षी पऱ्हाटी पुन्हा फुटली. शेजारच्या लालसिंगचा नातू सेवादास तापानं पडला. पांढरकवड्याला नेलं, औषध आणलं. तोच डासाचा ताप निघाला. एका सकाळी ताप उतरला आणि लालसिंग स्वतः बोलवायला आला. "भाऊ, लेकराचा भोग हाय. या खेपेले नाही म्हणू नका. तुमच्याशिवाय विनंती कोण करन?"

नाही म्हणणं अशुभ दिसलं असतं. खेमसिंग गेला. अंगणात निखारे काढलेले, लापशीचा वास सुटलेला, बाया घुंगट ओढून भिंतीकडे बसलेल्या. सेवादास आईच्या मांडीवर होता. खेमसिंगनं तुपाची वाटी हातात घेतली. त्याला बोलायचं होतं, पण शुभकार्यात मोडता कसा घालायचा? लोक म्हणणार, म्हाताऱ्याची नात गेली, आता दुसऱ्याच्या लेकरावर वाईट बोलते. वर्षभर जे त्याला रात्रंदिवस खात होतं, तेही त्या अंगणात त्याच्या तोंडातून निघेना. वाटी तशीच हातात राहिली.

भिंतीकडून एक बाई उठली. बांगड्या वाजल्या. तिनं दोन्ही हातांनी घुंगट मागं सारला आणि साऱ्या अंगणादेखत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. उन्हानं रापलेला, डोळ्यांखाली काळा पडलेला तो चेहरा खेमसिंगनं आयुष्यात पहिल्यांदा समोरून पाहिला.

"बापूजी," उज्ज्वला म्हणाली, "त्या लेकराले पयले दवाखान्यात न्या. भोग मंग."

हंसाबाईनं तोंडाला पदर लावला. खेमसिंगनं तुपाची वाटी खाली ठेवली.

"लालसिंग, गाडी काढ," तो म्हणाला.

"अरे पण भाऊ, ताप त..."

"उतरला म्हणूनच म्हंतो. काढ."

दवाखान्यात तो या वेळी कडुलिंबाखाली थांबला नाही. सगळ्यांच्या मागून आत गेला आणि भिंतीला लागून उभा राहिला. शेजारी उज्ज्वला उभी होती, उघड्या तोंडानं. गुंजन मॅडमनी दोघांना ओळखलं. त्यांनी सेवादासचं पोट दाबलं, रक्त घेतलं, बोटाचं नख दाबून सोडलं. रंग झटकन आला. खेमसिंग त्या नखाकडे बघत होता. सेवादासनं मॅडमच्या गळ्यातली नळी ओढली.

रक्ताचा रिपोर्ट आला. "छान आहे," मॅडम म्हणाल्या. "काही धोका नाही. पाणी पाजत राहा आणि उद्या परत एकदा दाखवा. आणलंत ते फार बरं केलं."

बाहेर आल्यावर लालसिंग पायात चप्पल घालत हसला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "घ्या. लापशी थंडी झाली अन् फुकटचा फेरा पडला."

"हो," खेमसिंग म्हणाला. "फुकटचाच."

लालसिंग सून आणि नातवाला घेऊन गाडीकडे गेला. खेमसिंगच्यानं पाऊल उचलवेना. तो कडुलिंबाशी गेला, गेल्या वर्षी जिथं पाठ लावून उभा होता तिथंच मातीत बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. येणारे जाणारे बघत होते. उज्ज्वला थोड्या अंतरावर उभी राहिली. तिनं पदर ओढला नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं टोपीनं तोंड पुसलं. वर न बघता म्हणाला, "उज्ज्वला." सुनेचं नाव त्यानं कधी घेतलं नव्हतं, ते त्याच्या तोंडात अडखळलं. "त्या दिवशी मले आयकू आलं होतं. सारं."

"मले माहीत हाय, बापूजी," ती म्हणाली. "मी बी आज बोललो. तवा नाही बोललो."